चार पोस्टकार्डांएवढी जमीन

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा नळी हातात घेऊन "एष्टु?" असे विचारतो. आपण आत बसल्या बसल्या "तीस" म्हणतो, आणि प्रकरण तिथेच मिटते. तीस म्हणजे तीस काय, ते थंड टायरात की गरम टायरात, पुढे आणि मागे सारखेच का, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. मलाही पडत नव्हते. आमच्या महाविद्यालयाच्या बाहा संघात टायरखाते माझ्या गळ्यात पडले तेव्हा ते पहिल्यांदा पडले. त्यांची उत्तरे थोडी बेळगावच्या लाल मातीत मिळाली, थोडी माळव्याच्या काळ्या मातीत, आणि उरलेले एक उत्तर मांडूच्या घाटात. ते शेवटचे फार महागात पडले असते.

यंत्रशाखेबाहेरच्या वाचकांनी घाबरू नये. ह्या लेखात जे गणित आहे ते त्रैराशिकापलीकडे जात नाही.

प्रथम बाहा म्हणजे काय ते सांगतो, कारण संघाची वर्गणी मागायला गेलो की हाच प्रश्न आधी येई. विद्यार्थ्यांनी स्वतः आराखडा काढून, नळ्या वाकवून, वेल्डिंग करून खडबडीत जमिनीवर धावणारी एका माणसाची मोटार तयार करायची आणि ती इतर महाविद्यालयांच्या मोटारींबरोबर परीक्षेला लावायची, अशी ही स्पर्धा आहे. मेक्सिकोतल्या बाहा नावाच्या वाळवंटी द्वीपकल्पावरून तिला नाव मिळाले. अमेरिकेत ती १९७६ साली दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. भारतात २००७ पासून मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला होऊ लागली. हिची गंमत अशी की इंजिन सर्वांना एकच. तेव्हा "आमचे इंजिन कमी पडले" ही सबब कोणालाच सांगता येत नाही. मोटार हलकी करा, गिअर नीट निवडा, आणि जी काही ताकद आहे ती जमिनीपर्यंत पोहोचवा. ही पोहोचवण्याची जागा म्हणजे टायर.

ह्या स्पर्धेत चार तासांची दमाची शर्यत असते, तशीच एक वळणांची परीक्षा असते. खुंट्या आणि शंकू रोवून वाकडीतिकडी अरुंद वाट आखतात, आणि एकेक मोटार एकटीच घड्याळाविरुद्ध सोडतात. मोठ्या मोटारींच्या जगात ह्याच खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. आपल्याकडे तो बहुधा मातीच्या मैदानावर होतो, अमेरिकेत विमानतळाच्या किंवा वाहनतळाच्या मोकळ्या डांबरावर. वेग बेताचा, वाट दोन-चार मिनिटांत पायी फिरून पाठ करावी एवढी, आणि शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. पुष्कळ ठिकाणी एका शंकूला दोन. समोर दुसरी मोटार नसते, त्यामुळे धाडसाला फारसा वाव नाही. सगळा खेळ वळणाचा, आणि वळण म्हणजे पुन्हा टायर.

आता ते त्रैराशिक. मोटार आणि तीत बसलेली माणसे मिळून १००० किलो धरा. प्रत्येक चाकावर २५० किलो आले. टायरात ३० पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. ह्या दाबाने २५० किलो तोलायचे तर जमिनीला टेकलेली जागा किती हवी? भागाकार केला की सुमारे १२० चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टाचे साधे कार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६. तात्पर्य, रस्त्यावर धावणारी आपली मोटार चार पोस्टकार्डांवर उभी असते. वेग, ब्रेक, वळण, पावसातली घसरण, जे काही व्हायचे ते ह्या चार कार्डांवर होते. टायरची उभी बाजू, जिला गॅरेजात साइडवॉल म्हणतात, तीही थोडा भार उचलते, म्हणून हिशेब ढोबळ आहे. पण आमच्या उपयोगाला पुरेसा होता.

इथे कुणीतरी हुशार वाचक अकरावीचे पुस्तक काढील. घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे त्यात लिहिले आहे, मग कार्ड लहान काय नि मोठे काय! पुस्तक खोटे नाही, पण ते लाकूड आणि लोखंड ह्यांच्याविषयी बोलते. रबर त्या नियमाला पुरते मानत नाही. ते खडीच्या बारीक कणांत रुतते आणि परत सरळ व्हायला वेळ लावते; ह्या दिरंगाईतूनच त्याची पकड येते. एकाच जागी भार फार झाला की ही पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच होते. वळणावर मोटार बाहेर कलते आणि बाहेरच्या चाकांवर भार जातो; त्या चाकांची पकड वाढते, पण आतल्या चाकांनी जेवढी गमावली तेवढी भरून येत नाही. ऑटोक्रॉसवाल्यांची सारी खटपट ह्या तोट्याची वाटणी पुढे किती नि मागे किती करायची ह्याची असते. पुढची चाके आधी सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही मोटार नाकासमोर सरळ जाते. मागची आधी सुटली तर शेपूट फिरते. दोन्हींच्या मधली एक जागा असते, आणि तिथे पोहोचायचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हवा.

हवा कमी केली तर कार्ड मोठे होते, मग कमीच का ठेवू नये? कारण टायर म्हणजे नुसती कार्डे नव्हेत. कार्ड आणि रिम ह्यांच्यामध्ये साइडवॉल आहे. हवा कमी असली की वळणावर ही भिंत दुमडते, नक्षीची कड वर उचलली जाते आणि टायर आपल्या खांद्यावर लोळतो. स्टिअरिंग फिरवल्यावर मोटार जरा विचार करून वळते. फारच कमी झाली तर टायर रिमवरून निसटतो. हवा जास्त झाली तर उलट: टायर मधोमध फुगतो, कड जमिनीला लागत नाही, आणि खड्ड्याखड्ड्यांवर चाक टणाटण उडते. उडालेल्या चाकाची पकड शून्य.

आमच्याकडे टायरांचे दोन संच होते. जुना संच आधीच्या तुकडीने ठेवून गेलेला, उथळ आणि जवळजवळ नक्षीचा, दोन कडांना थोडा झिजलेला. नवा संच आम्ही वर्गणी काढून घेतला, खोल नक्षीचा, रबराचे ठसठशीत ठोकळे दूरदूर बसवलेला. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण दोन्ही टायर आपापल्या कामाला चांगलेच होते. नव्या टायरांसाठी सभेत सर्वांत मोठ्याने बोललो तो मी. "मातीत पकड हवी तर दात हवेत" असे माझे वाक्य होते आणि ते सर्वांना पटले. ह्या वाक्यासाठी प्रत्येकाने आपल्या खिशातून पैसे काढले होते, हे पुढचे वाचताना ध्यानात असू द्यावे.

डिसेंबरात आम्ही शहराबाहेरच्या लाल मातीच्या एका मैदानावर खुंट्या रोवून चाचण्या घेतल्या. पद्धत साधी आहे आणि कोणालाही करता येईल. नक्षीच्या कडेपासून साइडवॉलवर खडूच्या चार-पाच रेघा ओढायच्या. एक फेरी मारून आले की खडू कुठपर्यंत पुसला गेला ते पाहायचे. कडेच्या खाली बोटभर पुसला असेल तर टायर लोळतो आहे, हवा वाढवा. कडेपर्यंतही पोहोचला नसेल तर हवा फार आहे, कमी करा. पुसटपणा बरोबर कडेवर आला की समजावे की टायर पूर्ण कामाला लागला. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हवा बदलली तर चालक तोच, वाट तीच, टायर तोच. आणि घड्याळ हातात धरणाऱ्याला काय बदलले ते सांगायचे नाही, नाहीतर त्याचा अंगठा मैत्रीला जागतो.

आमच्या मोटारीचे वजन चालकासह सुमारे २६० किलो. त्यातले मागे १५६, पुढे १०४. सगळीकडे १० पौंड हवा ठेवली तर वरच्याच त्रैराशिकाने पुढच्या चाकाचे कार्ड ७४ चौरस सेंटिमीटर येते, मागच्याचे १११. शिवाय आमच्या मागच्या आसात डिफरेन्शियल नव्हते. दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरत. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर जायचे असते, पण त्याला ती मुभाच नाही. त्यामुळे मागची दोन चाके हट्टाने मोटार सरळ ढकलत, आणि पुढची बिचारी नुसती वाकडी होऊन घासत जात. मग आम्ही पुढे ८ आणि मागे १२ केले. आता कार्डे दोन्हीकडे ९३ झाली. हा आकडा आम्ही आधी गणिताने काढला नव्हता. खडू आणि घड्याळ ह्यांनी आम्हाला तिथे नेले, आणि रात्री वसतिगृहात भागाकार केला तेव्हा दोन्ही उत्तरे सारखी निघाली. त्या रात्री मला जो आनंद झाला तो परीक्षेच्या कोणत्याही निकालाने दिला नव्हता. मोटार आता मागून थोडी सुटून वळू लागली होती.

खरे सांगायचे तर त्याच मैदानावर जुने टायर नव्यापेक्षा थोडे सरस ठरत होते. मी ते वहीत लिहिले आणि सभेत बोललो नाही. "पिथमपूरची माती वेगळी असेल" अशी मी स्वतःची समजूत घातली. माती वेगळी होती हे खरे. पण कशी वेगळी, हे मला ठाऊक नव्हते.

जानेवारीत आम्ही निघालो. मोटार टेम्पोत बांधली, आम्ही काही टेम्पोत व काही रेल्वेने. माझ्या एका मित्राचे मामा धारला राहतात, त्यांच्या घरी आमच्यापैकी चौघांचा मुक्काम होता. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्याच किल्ल्यातला, १७७५ सालचा. त्यामुळे गावात मराठी कानावर येते, पण तिला माळवी साखर लागलेली असते. आणखी एक गोष्ट आमच्या कन्नड विभागाच्या मित्रांसाठी. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला गेले आणि तिथलेच झाले. मराठी, कन्नड आणि माळवी ह्या तिन्हींनी त्यांना आपले म्हटले. देवासला जायचे आमचे राहून गेले ह्याची रुखरुख आहे.

पिथमपूर म्हणजे कारखान्यांचे गाव. टेम्पो, ट्रक, टायर सगळे तिथे बनते. नॅट्रॅक्स ही मोटारींची राष्ट्रीय चाचणीसंस्था तिथे विस्तीर्ण जागेवर पसरली आहे. जून २०२१ मध्ये उद्घाटन झालेला तिचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल वेगपथ आम्ही दुरून पाहिला. त्याची वळणे थाळीच्या कडेसारखी उचललेली आहेत. आमची मोटार त्यावर घालायची असती तर बहुधा दुपार उलटली असती. आमची जागा पलीकडच्या मातीत होती.

ती माती काळी. वर बोटभर पिठासारखी धूळ, आणि खाली फरशीसारखी घट्ट जमीन. आमच्या लाल मातीत मुरमाचे खडे असतात, त्यांना ठोकळे धरतात. इथे ठोकळ्यांना धरायला काही नव्हते. धुळीतून ते आरपार जात आणि खालच्या घट्ट जमिनीवर त्यांची टोके टेकत. दूरदूर ठोकळ्यांचा टायर घट्ट जमिनीवर ठेवला की कार्डातली निम्मी जागा पोकळ असते, आणि उंच ठोकळे खोडरबरासारखे वाकतात. त्यात धूळ बसावी म्हणून वाटेवर टँकरने पाणी मारले होते. काळी माती ओली झाली की ती ठोकळ्यांमधल्या खाचांत जाऊन बसते आणि सुटत नाही. दोन वळणांत माझ्या दातांची कवळी झाली.

हे एक. दुसरे त्याहून लाजिरवाणे. पहाटे थंडी चांगलीच होती, दहा अंशांच्या आसपास. आम्ही उठल्या उठल्या टायरांत मोजून ८ आणि १२ हवा भरली आणि खूण म्हणून व्हॉल्व्हच्या टोपणांवर रंग लावला. आमची पाळी दुपारी आली. बंद टायरातली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे बॉइल आणि चार्ल्स ह्यांच्या कृपेने आपण पाठ केलेले असते. नेहमीच्या ३० पौंडांच्या टायरात दर १० अंशांना साधारण दीड पौंड वाढतो, आणि तीसच्या मानाने ते फारसे जाणवत नाही. पण ८ पौंडांच्या टायरात सकाळच्या आणि दुपारच्या तपमानातल्या फरकाने दीड पौंड वाढला तर तो जवळजवळ पंचमांश झाला. त्यावर पुन्हा टायर उन्हात उभे. आमचे ८ केव्हाच ८ राहिले नव्हते.

तिसरे कारण आमच्या हत्यारपेटीत होते. कमी दाबाचे बारीक गेज बेळगावला टेबलावर राहिले आणि पेटीत आले ते ट्रकचे गेज, शून्यापासून १६० पर्यंतचे. कोणतेही काट्याचे गेज आपल्या पट्टीच्या मधल्या भागात खरे बोलते. दोन्ही टोकांना त्याच्यावर विश्वास टाकू नये. १६० च्या गेजवर ८ म्हणजे काटा नुकताच जागा होतो. शेजारच्या तंबूतल्या संघाकडून त्यांचे १५ पौंडांचे छोटे गेज मागून आणले आणि लावले. आमचे १० म्हणे, त्यांचे १३ म्हणे. मी घामाघूम झालो. पण हे कळले ते पहिली फेरी होऊन गेल्यावर.

पहिल्या फेरीचे वर्णन करण्यासारखे नाही. तिसऱ्या वळणावर, जिथे मोटार जवळजवळ उलटी फिरवायची असते, तिथे आमच्या चालकाने स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवले आणि मोटार शांतपणे सरळ जाऊन खुंट्या पाडून पलीकडे उभी राहिली. ती मागे घेण्यात वेळ गेला. आणखी एक संधी होती. मी सर्वांना गोळा करून वही उघडली, आणि डिसेंबरात जे सभेत बोललो नव्हतो ते तेव्हा बोललो. कुणी काही म्हटले नाही. चौघांनी चार चाके काढली, जुने टायर लावले. मागून आणलेल्या गेजने, त्या वेळच्या उन्हातच, पुढे ८ आणि मागे १२ भरले. दुसरी फेरी एकही खुंटी न पाडता पूर्ण झाली.

ह्यात टायरांचा वाटा किती आणि हवेचा किती, हे मला सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मीच मोडला होता. दोन्ही एकदम बदलले. घाईच्या वेळी मनुष्य हेच करतो. बेळगावच्या वहीवरून अंदाज करायचा तर हवेचा वाटा टायरांपेक्षा मोठा होता. आमचा क्रमांक मधल्या फळीत लागला, आणि नव्या टायरांनी चार तासांच्या शर्यतीत, खड्ड्यांच्या आणि सैल मातीच्या भागात, आपले पैसे थोडेफार वसूल करून दिले.

डांबरावरच्या ऑटोक्रॉसमध्ये टायरांची निवड निराळी असते, तेही थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटार आहे आणि "रुंद टायर टाकले की गाडी रस्ता सोडत नाही" हे वाक्य सर्रास ऐकू येते. टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये; ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर; १५ हा रिमचा व्यास इंचांत. वेगासाठी केलेल्या टायरात हा मधला आकडा लहान असतो. भिंत बुटकी, म्हणून दुमडते कमी आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर मिळते. मात्र खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. त्यांचे रबर मऊ असते. टायरवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा छापलेला आढळतो. तो टिकाऊपणाचा तुलनात्मक आकडा आहे. ४०० चा टायर चाचणीत २०० च्या सुमारे दुप्पट टिकतो. लहान आकडा बहुधा मऊ रबर आणि जास्त पकड दाखवतो. अमेरिकेतल्या स्पोर्ट्‌स कार क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये रस्त्यावरच्या मोटारींच्या वर्गात २०० पेक्षा कमी आकड्याचा टायर चालत नाही, नाहीतर लोक एका दिवसात संपणारे टायर घेऊन येतील. नवल म्हणजे काही हौशी लोक नव्या टायरची नक्षी मुद्दाम तासून उथळ करून घेतात. कारण मघाचेच: उंच ठोकळा वाकतो. आणि ऑटोक्रॉसची फेरी मिनिटभराची, त्यामुळे टायर तापायला वेळ मिळत नाही. थंड असतानाच धरील असे रबर लागते. शर्यतीच्या लांब पल्ल्याचा टायर इथे उपयोगी पडत नाही, तो गरम होईपर्यंत खेळ संपलेला असतो.

साधे घरगुती टायर घेऊन डांबरावर ऑटोक्रॉस करणारे हवा कमी करत नाहीत, वाढवतात. मऊ भिंतीचा टायर ३० पौंडांवर खांद्यावर लोळतो, म्हणून पुढे चार-सहा पौंड जास्त भरून सुरुवात करतात आणि खडू पाहत खाली येतात. मातीत मात्र लोक हवा उतरवतात. ही दुसरी गोष्ट मला पाठ झाली होती, आणि तीच आम्हाला भोवली.

स्पर्धा संपली त्या संध्याकाळी आम्ही धारला मामांच्या घरी परतलो. अंगात विजय नसला तरी दुसऱ्या फेरीची धुंदी होती. मामांची छोटी मोटार दारात उभी होती, नुकतीच हवा भरून आणलेली, कारण दुसऱ्या दिवशी ते, मामी आणि आम्ही तिघे मांडूला जाणार होतो. मामा देवळात गेले होते. भाच्याने किल्ली घेतली आणि आम्ही दोघे गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात गेलो. आठ विटा मांडून वाट केली. माती सैल होती, म्हणून मी चारही टायरांतली हवा ३० वरून २० वर आणली. तासभर आम्ही विटांमधून मोटार फिरवली. फार मजा आली. अंधार पडला तसे परतलो. हवा तो भरील असे मला वाटले. मी भरली असे त्याला वाटले.

सकाळी निघालो. धारहून मांडू सुमारे ३५ किलोमीटर. थंड हवा, रिकामा रस्ता, मोटारीत पाच माणसे आणि मामींचा डबा. मामा बेताने पण सलग चालवत होते. मांडू हे माळव्याच्या पठारापासून काकडा खो नावाच्या खोल दरीने तुटलेले आहे. रस्ता त्या दरीच्या कडेने वळणे घेत किल्ल्यात शिरतो. पहिल्याच वळणाला मामांनी मान किंचित वाकडी केली. दुसऱ्याला वेग कमी केला. तिसरे वळण यायच्या आत त्यांनी मोटार कडेला घेतली आणि काही न बोलता खाली उतरले. मागच्या टायरच्या साइडवॉलला तळहात लावला आणि झटकन काढला.

"भाचेबुवा, गेज काढा जरा," मामा म्हणाले. ते खणातच होते. चोवीस दाखवले.

"मी काल तीस भरून आणली. एका रात्रीत चारही चाकांतून सहा-सहा कशी गेली?"

भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "मामा, सहा नाही गेली, दहा गेली. मी सोडली. हे चोवीस गरम टायरातले आहेत, थंड असताना वीसच होते." आणि मग विटा, मैदान, सगळे सांगितले. मामी मोटारीतच बसून होत्या. त्यांच्या बाजूला रस्त्याचा कठडा होता आणि कठड्यापलीकडे दरी.

जे घडत होते ते असे. टायर फिरताना दर फेरीला कार्डाच्या जागी त्याची भिंत वाकते आणि पुन्हा सरळ होते. हवा पुरेशी असेल तर थोडीच वाकते. २० पौंडांवर, पाच माणसांच्या भाराने, ती खूप वाकते, आणि दर मिनिटाला शेकडो वेळा वाकते. तार वाकवून वाकवून तोडताना ती जशी गरम होते तसे हे आहे. आतले धागे आणि रबर ह्यांचा सांधा तापून सुटू लागतो, आणि एका क्षणी भिंतच फाटते. मैदानात २० पौंडांवर काही झाले नाही, कारण तिथे वेग बेताचा, माणसे दोन आणि अंतर थोडे. तोच आकडा रस्त्यावर घातक. त्यातून गेज गरम टायरात चोवीस दाखवते, म्हणजे जितका धोका जास्त तितका आकडा दिलासा देणारा. हवा थंड टायरात मोजावी असे मोटारीच्या पुस्तकात लिहिलेले असते ते एवढ्यासाठी.

मामा रागावले नाहीत. त्यांनी डिकीतून फूटपंप काढून माझ्यापुढे ठेवला. "किती भरायची ते तूच सांग, तू शिकलेला," एवढेच म्हणाले. गरम टायरात ३० भरून चालणार नव्हते, कारण थंड झाल्यावर तो पुन्हा खाली आला असता. अर्धा तास मोटार सावलीत उभी ठेवली, साइडवॉलवरून बोट फिरवून कुठे फुगवटा आला आहे का ते चारही टायरांवर पाहिले, आणि मग टायर कोमट असताना ३३ पर्यंत भरली. एका चाकाला किती वेळा पाय मारावा लागतो हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने स्वतः मारून पाहावे. मी चारही चाके भरली. भाच्याला मामांनी हात लावू दिला नाही. त्याची शिक्षा निराळी होती, तो रात्री घरी सांगणार होता.

नंतर आम्ही मांडू पाहिले. दोन तलावांच्या मध्ये लांबच लांब उभा असलेला जहाज महाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, रूपमतीच्या मंडपावरून दिसणारी नर्मदेची धूसर रेघ. जागोजाग गोरखचिंचेची अवाढव्य झाडे आहेत, बुंधा हवा जास्त झालेल्या ट्यूबसारखा. मामी प्रत्येक ठिकाणी मोटारीपाशी परत आल्या की आधी वाकून टायर पाहत आणि मग बसत. दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटार हलवण्यापूर्वी, मी चारही चाकांची हवा पुन्हा मोजली. तीन टायरांत ३० होती, एकात २९. तो एक मी भरला, वहीत लिहिले, आणि वही मामांना दाखवली.